गेदर माशाच्या शिकारीचा पट्टा

कोल्हापुरात बाबालाल जीनसाजाच्या मुलीचे, सुगराचे लग्न ज्या वर्षी झाले, त्याच वर्षी, म्हणजे १९१० साली, माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुना कातडी पट्टा आहे. बाबालालच्या दुकानात जीन, लगाम आणि तंग तयार होत. तंग म्हणजे जीन घसरू नये म्हणून घोड्याच्या पोटाखालून आवळतात तो पट्टा. मी मात्र घोड्यासाठी नव्हतो. मला माणसाने अंगावर बांधायचे होते, आणि माझे काम समुद्रात होते.

सुगराचा नवरा चमन एका गोऱ्या साहेबाकडे घोडे सांभाळत असे. पूल बांधणाऱ्या त्या साहेबाला मोठ्या माशांचा नाद. दर हिवाळ्यात तो मालवणला जाई, मचव्यातून किनारा दिसेनासा होईपर्यंत आत जाई आणि तिथल्या कोमट पाण्यात गेदर नावाचा मासा गळाने धरी. जाळे लावायचे नाही. एक माणूस आणि एक मासा, असा तो खेळ. गेदर अंगाने धिप्पाड, ओढीला रेड्यासारखा. गळाची काठी धरून खांदे भरून येत. म्हणून साहेबाने बाबालालला पट्टा करायला सांगितला. काठीचा बुंधा टेकवायला पुढे कातडी वाटी, आणि काठीवरची दोरी गुंडाळायची चरखी अडकवायला दोन कड्या. त्याने फरशीवर खडूने चित्र काढून दिले आणि एक गोष्ट बजावली, की बक्कल एका ओढीत सुटले पाहिजे.

बाबालालला ते पटले नाही. एका ओढीत सुटणारा पट्टा त्याच्या लेखी कच्चे काम होते. असा तंग दुकानाबाहेर गेला तर स्वार पडायचा. समुद्र त्याने कधी पाहिला नव्हता. सुगरानेही पाहिला नव्हता. यंदा साहेब चमनलाही मचव्यात नेणार, आणि स्वतः दमला की काठी त्याच्या हाती देणार, हे कळल्यापासून तिला घास गोड लागत नव्हता. बाप मला शिवत बसला असताना ती जवळ येऊन म्हणाली, "अब्बा, काय बी झालं तरी सुटू नये असा करा."

"माझ्या हातचा तंग कधी सुटलाय व्हय?"

"त्यो घोड्याचा. ह्यो माझ्या माणसाचा हाय की."

पट्ट्याने माणूस मचव्याला बांधतात, असे तिला वाटत होते. बाबालाललाही तसेच वाटले. त्याने दोन जिभांचे बक्कल लावले आणि माझे टोक खोचायला एक घट्ट कातडी घर शिवले. दोन्ही हात लावून, दात ओठ खाल्ल्याशिवाय ते टोक बाहेर येत नसे. चमनने मला घालून पाहिले आणि हसला. "मामा, बांधलंसा खरं, जेवायला सोडणार कोण?" सुगरा त्या दिवशी पोटभर जेवली.

मालवणला पोहोचल्यावर साहेब माझे बक्कल बघून कुरकुरला. पण मी अंगाला नीट बसलो होतो, आणि तिथे दुसरा पट्टा करणारे कोणी नव्हते.

एके दिवशी पाण्यावर पाखरांचा थवा घिरट्या घालताना दिसला. मचवा चालवणाऱ्या गुंडू तांडेलाने तो तिकडे नेला. गळाला आमिष म्हणून जिवंत तारली मासळी लावून सोडली, आणि गेदराने ती घेतली. दुपारपर्यंत साहेब त्याच्याशी झगडला. मग त्याची बोटे वळेनात. गुंडूने दोन्ही हात लावून मला उतरवून चमनच्या अंगावर चढवले आणि कड्या चरखीत अडकवल्या. चमनला खूप आनंद झाला होता. पंचगंगेच्या पुरात उड्या मारणारा तो गडी, पाण्याला भिणारा नव्हता.

मासा एकदम खोल गेला. मचवा कलला आणि चमन काठीसकट पाण्यात पडला.

"पट्टो सोड रे," गुंडू ओरडत होता.

मी त्याला मचव्याशी बांधलेच नव्हते. मी त्याला माशाशी बांधले होते. त्याची बोटे माझ्या बक्कलावर आली. एक जीभ निघाली, दुसरी निघाली. पण भिजून कातडे फुगले होते. घरात खोचलेले टोक काही केल्या निघेना. पुढे दोरी तुटली, पण तोवर फार उशीर झाला होता. गुंडूने त्याला वर घेतले आणि सुरीने मला कापले.

साहेबाच्या सामानाबरोबर मी कोल्हापूरला परत आलो. सुगराने मला मांडीवर घेतले. मी मधोमध कापलेला होतो, तरी टोक त्या घरात तसेच अडकलेले होते. ती कितीतरी वेळ ते काढत बसली.

"मीच सांगितलंतं, अब्बा," ती म्हणाली.

बाबालाल म्हणाला, "शिवलं मी न्हवं का?"

पुढे त्याच्या दुकानात कोणी तंग घ्यायला आला की तो आधी म्हणे, "पावणं, एका हातानं सोडून दावा." लोक हसत. काही दुसऱ्या दुकानात जात. तो मात्र सोडून दाखवल्याशिवाय माल देत नसे. मी तिथेच खुंटीवर होतो. मला कोणी तेल लावले नाही, आणि फेकूनही दिले नाही. माझे कातडे आता तडकले आहे.

मित्रांनो, ज्याच्यावर माया असते त्याला आपण घट्ट धरतो. त्यात वाईट काही नाही. पण त्याला जायचे आहे ती जागा कशी आहे, ते एकदा विचारून घ्या, आणि सुटायची वाट ठेवूनच गाठ मारा.

बाबालाल १९१८ सालच्या तापाच्या साथीत गेला. त्याचा जावई चमन त्याच्या आधी, १९११ सालच्या जानेवारीत, लग्नाला वर्ष व्हायच्या आत, मालवणच्या समुद्रात बुडून वारला.