वरची वाट

छतावर पुरुषाच्या बुटांचा आवाज झाला, तशी मसऊदाच्या बोटांतली जपमाळ थांबली.

ती कुब्ब्यात बसली होती. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, पडद्याआड, दोन माणसं जेमतेम मावतील एवढी ती चुन्यानं पांढरी केलेली खोली. लिबियाच्या वाळवंटातल्या या गदामिस गावातली बाई त्या खोलीत जन्मात दोनदाच बसते. एकदा नवरी म्हणून आणि एकदा नवरा गेल्यावर इद्दत पाळायला. पहिल्या वेळी मसऊदाला हसू आवरत नव्हतं, म्हणून सासूनं पडद्याआडून हात घालून तिला चिमटा काढला होता. आता तिच्या नवऱ्याला, हाज सनूसीला, जाऊन आठवडा होत आला होता. इद्दतीचं चार महिने दहा दिवसांचं व्रत याच घरात, याच खोलीत पुरं करायचं, हे तिनं त्याच्या आजारपणातच मनाशी धरलं होतं. त्यालाही सांगितलं होतं.

"बस की," सनूसी म्हणाला होता, "पण मोठ्यानं रडू नकोस. तू रडायला लागलीस की बागेतलं गाढव ओरडतं, आणि लोकांना कळत नाही कोण कुठलं."

वर पुन्हा बूट वाजले. मग काहीतरी जड ओढल्याचा, विटेवर वीट ठेवल्याचा आवाज.

छतावर पुरुष! गदामिसातल्या गल्ल्या पुरुषांच्या. घरांच्या माळ्यांखालून जाणाऱ्या, भर दुपारीही काळोख्या. बायका तिथून गेल्याच तर पहाटे, नाहीतर दिवेलागणीला. पण वर, उन्हात, घराला घर चिकटलेलं. सगळं गाव एका अंगणासारखं सलग, आणि ते बायकांचं. पूर्वी इथले पुरुष सोनं आणि शहामृगाची पिसं आणायला उंटांच्या तांड्याबरोबर दक्षिणेला जात, ते वर्षानुवर्षं परतत नसत. तेव्हापासून गाव राखलं ते या छतांनी. वर बाजार भरे, वर सोयरिकी जुळत, वर भांडणं मिटत. मग चार दिवसांनी खाली गल्लीतल्या ओट्यावर बसून पुरुष तेच नव्यानं ठरवीत. मिसरूड फुटलेला मुलगा एकदा खाली उतरला, की त्यानं पुन्हा वर पाऊल टाकायचं नाही.

"कोण आहे वर?" मसऊदानं आवाज दिला.

"घाबरू नकोस यम्मा, मीच." जिन्यावरून तिचा मुलगा नूरी खाली आला. कोपरांपर्यंत हात चुन्यानं माखलेले. "शेजारच्या तिब्रा खालाच्या छताच्या कडेला भिंत घालतोय. झालीच. वर काचांचे तुकडे लावले की संपलं."

"भिंत? कशाला?"

"तिचं घर आज रिकामं झालं ना. उद्या कुणी भामटा शिरला, तर छतावरून थेट तुझ्या चुलीपाशी! तू एकटी बाई."

"रिकामं झालं?"

"तुला सांगितलं नाही तिनं?" नूरीनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. "पहाटेच गेली मंडळी नव्या वस्तीत. सामान मीच चढवलं ट्रकवर. खाला पुढं बसली, ड्रायव्हरशेजारी. एवढीशी पोटली मांडीवर, आणि तोंड असं, जसं हजला निघालीय."

मसऊदानं माळ मुठीत घेतली. "भिंत घालतोयस हे तिला ठाऊक आहे?"

"न विचारता घालीन? छत तिचं! म्हटलं, खाला, मला वरचं काही कळत नाही. इकडून कुणाची ये-जा आहे का? तर म्हणाली, कोण येतंय बाळा आता. घाल खुशाल."

मसऊदा मुठीतल्या माळेकडं बघत राहिली. नूरीला वाटलं, माळेवर काही म्हणतेय; तो हळूच वर निघून गेला.

मसऊदाचं घर त्या ओळीतलं शेवटचं. दोन बाजूंना गावकूस, तिसरीकडे खजुरीची बाग. लागून छत होतं ते एका तिब्राचंच. सनूसीच्या मातीनंतर ज्या बायका मसऊदाजवळ येऊन बसल्या, ज्यांनी रांधून आणलं, ज्यांनी तिला न्हाऊ घातलं, त्या सगळ्या तिब्राच्या छतावरून आल्या होत्या. आणि छतावरून जायचं तर ते घरमालकिणीच्या शब्दावर. तिनं हो म्हटलं की ती वाट. तिनं नाही म्हटलं की पायाखाली जमीनच नाही. तिथं कुणी कुणाच्या शब्दापुढं पाऊल टाकत नसे.

सनूसी अंथरुणाला खिळला तेव्हाच सरकारनं बांधलेली नवी घरं वाटली जात होती. रोज कुणी ना कुणी गाव सोडत होतं. एका संध्याकाळी बायका वर बसल्या होत्या आणि हलूमा खाला, त्या सगळ्यांत वडील, नवं घर बघून आली होती.

"नळ आहे, बाई. वीज आहे. खिडकीसुद्धा आहे, रस्त्यावर!"

"खिडकीतून काय दिसतं?"

"समोरच्यांची खिडकी."

"आणि छत?"

"छत आहे की. वर उभं राहायचं, लांबच्या छतावर शेजारीण उभी असते, आणि दोघींनी हात हलवायचे. आगबोट सुटल्यासारखं."

सगळ्या हसल्या होत्या. तिब्रा हसली नाही. लहानपणापासूनची ती मसऊदाची जिवाची. मसऊदाच्या लग्नात दिवाणखान्याच्या भिंतींवर लाल रंगाची नक्षी काढली ती तिब्रानं, आणि तिब्राच्या लग्नात मसऊदानं. त्या संध्याकाळी बायका उठल्यावर तिब्रानं तिचा हात धरला.

"पोरं माझ्या मागं लागलीत. पण अल्लाला साक्षी ठेवून सांगते, हाजसाहेबांचं काही बरंवाईट झालं, तर तुझी इद्दत पुरी होईतो मी हलणार नाही. माझं छत उघडं राहील. तू कुब्ब्यात एकटी बसणार नाहीस."

मसऊदानं तिला शपथ घ्यायला सांगितली नव्हती. तिनं आपण होऊन घेतली होती.

भिंत झाल्यावर नूरी हातपाय धुऊन पडद्याशी येऊन बसला.

"यम्मा, आता तूही चल ना. शेखना विचारलंय मी. अडचण असेल तर उरलेली इद्दत दुसऱ्या घरात चालते म्हणाले."

"मला कसली अडचण आहे?"

"अगं, इथं कोण येणार तुझ्याकडं?"

त्याला काय सांगायचं? भिंत पाड म्हणून सांगितलं असतं तर पोरानं त्याच पावली वर जाऊन पाडली असती. पण भिंत पडून वाट थोडीच उघडणार होती? जिनं वाट द्यायची तिनंच कुणी येत नाही म्हणून सांगितलं होतं.

"तुझे वडील या घरातून गेले," मसऊदा म्हणाली. "मी इथंच बसेन. तू रोज पाणी आणून दे, बास."

त्यानंतर कुणी आलं नाही. नाही म्हणायला, हलूमा खाला एका पहाटे गल्लीतून चाचपडत आली, भाकरी ठेवली, गुडघे धरून बसली.

"मेल्या त्या गल्लीत माझ्या पायाला सवयच नाही गं," ती म्हणाली. "तीनदा धडपडले. एकदा तर कुणाच्या तरी बकरीला सलाम केला." मग जाताना दारात थांबून म्हणाली, "तिब्रानं असं करायला नको होतं."

"जाऊ दे, खाला," मसऊदा म्हणाली.

तिनं आपला नेम सोडला नाही. पाच नमाज, सोमवार-गुरुवारचा रोजा, दर नमाजानंतर सनूसीच्या नावानं जप. चूल छतावरच, म्हणून स्वयंपाकाला तेवढी वर जाई. पीठ मळताना भिंतीकडं पाठ करून बसे. पण दिवस कलला की भिंतीची सावली चुलीपर्यंत येई, आणि तिच्याकडं पाठ करता येत नसे. व्रत एकटीनं करायचं, याची तिला भीती नव्हती. अल्लाच्या दारी कुणी जोडीनं जात नाही. पण कुब्ब्यात बसल्यावर पडद्याबाहेर कुणीतरी बसलेलं असायला हवं. धान्य निवडणारं, पोराला दटावणारं, मध्येच उगाच "मसऊदा, जागी आहेस का गं?" म्हणणारं. तेवढ्यासाठीच तर ती खोली दिवाणखान्यात असते.

मग एका दुपारी, उन्हाच्या ऐन भरात, खालचं दार वाजलं.

"उघड गं. मी आहे."

मसऊदानं दार उघडलं. तिब्रा होती. भर दुपारी, गल्लीतून! तिच्यामागं काळोखात, ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं भिंतीकडं तोंड करून बसली होती, बाई जाईपर्यंत.

"सगळ्या पुरुषांच्या समोरून आले," तिब्रा धापा टाकत म्हणाली. "माझ्या मेल्या सासूनं थडग्यात कूस बदलली असेल."

"बस," मसऊदा म्हणाली.

दोघी दिवाणखान्यात बसल्या. तिब्रानं भिंतीवरच्या लाल नक्षीकडं पाहिलं आणि नजर खाली घेतली.

"ओरड माझ्यावर."

"इद्दतीत आवाज चढवू नये."

"पोरांनी हट्ट धरला गं. सुनेला दिवस गेलेत, नळाचं पाणी..." ती थांबली. "नाही. खोटं बोलत नाही तुझ्याशी. नूरीनं विचारलं तेव्हा माझ्या मनात आलं, वाट बंद झाली की तू लवकर येशील. तुझं घर माझ्या घराच्या समोरच मिळालंय. म्हटलं, आठवडाभर एकटी राहील, कंटाळेल, येईल."

"म्हणजे मला उपटून न्यायचं होतं."

"माझा तिथं एकटीचा जीव रमत नाही, मसऊदा! चार भिंती नुसत्या. सकाळपासून रात्रीपर्यंत कुणाचा पायरव नाही. मी दिवसभर वर जाते आणि खाली येते, वर जाते आणि खाली येते."

"मला विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, जा," मसऊदा सावकाश म्हणाली. "सुनेचं बाळंतपण आहे, जा म्हटलं असतं. शपथ मी सोडवली असती. तू विचारलं नाहीस. माझ्या पोराच्या हातून वीट ठेवलीस."

तिब्रा रडायला लागली. मसऊदानं शेगडी पेटवली, बिस्मिल्ला म्हणून चहा ठेवला. उंचावरून धार धरून पेल्यात फेस आणला, पुदिन्याचं पान टाकलं, पेला तिच्यापुढं केला. तिब्रानं डोळे पुसले, चहा घेतला, आणि पेला पुढं धरून बसली. तीन पेले झाल्याशिवाय गदामिसात कुणी उठत नाही, आणि कुणी उठवतही नाही.

मसऊदानं किटलीतली पत्ती काढून टाकली, किटली विसळली आणि पालथी घातली.

तिब्रानं पालथ्या किटलीकडं पाहिलं, मग हातातल्या रिकाम्या पेल्याकडं. मग तिब्रा पदर सावरून उठू लागली.

"आत्ता नको जाऊस," मसऊदा म्हणाली. "गल्लीत माणसं आहेत. दिवेलागणीपर्यंत बस."

तिब्रा परत खाली बसली. मसऊदा पडद्याआड गेली. छताच्या मधोमध असलेल्या झरोक्यातून पडलेलं ऊन हळूहळू भिंतीवर चढत गेलं. तिब्रा रिकामा पेला हातात धरून तशीच बसून राहिली, आणि आतून जपमाळेचे मणी एकामागून एक सरकत राहिले.