दाराजवळची जागा

माझं डोकं तापट हाय, हे आधीच सांगून टाकते. म्हंजे पुढं कुनी म्हनायला नको, शालूबाईनं लपवून ठेवलं. लपवायचं म्हनशीला तर त्या साली मी एकच गोष्ट लपवली, आन ती बी धड लपली न्हाय.

लढाई सुरू व्हायच्या आदलं साल ते. निपाणीत मारुतीरावांच्या तंबाखूच्या वखारीत मी नवी कामाला लागले. साठ बायका रांगांनी बसायच्या. कुटलेला पाला पुढ्यात यायचा, तो चाळायचा, काड्या निवडून बाजूला टाकायच्या. हवेत सगळा खकाणा, तंबाखूची बारीक धूळ. त्यात मला दिवस गेलेले. दुसरा म्हैना सरत आलेला, आन हे वखारीत कुनालाच ठावं न्हवतं. म्हंजे मला तसं वाटत हुतं.

हितली रीत अशी. नव्या बाईला पयला म्हैना उसनी चाळण. सकाळी ढिगातनं मिळंल ती घ्यायची, सांजला परत टाकायची. म्हैना भरला की मुकादमीण अक्काताई पसंत पडलेल्या बाईला तिची सोताची चाळण द्यायची, काठावर चुन्यानं खूण केलेली. ती मिळाली की तुमी वखारीच्या झाला. दुखन्याला गेला, बाळंतपनाला गेला, तरी चाळण खुंटीवर तुमची वाट बघत ऱ्हायची. न्हाय मिळाली तर "उद्यापासनं येऊ नगं," एवढंच. मला ती चाळण पायजे हुती. काय बी करून पायजेच हुती.

कारन मागच्या खेपेला मी शानी झालते. आमची चंपी पोटात हुती तवा दुसऱ्या एका वखारीत माझा तिसरा हंगाम चाललेला. तिथल्या मुकादमाला मी सरळ जाऊन सांगितलं, दादा, असं असं हाय. तो गोड हसला. दुसऱ्या दिशी त्यानं मला रांगेतनं उठवून दाराजवळ बसवलं आन तिसऱ्या दिशी घरी पाठवलं. काढून टाकायची बाई तो आधी दाराजवळच बसवायचा, म्हंजे हाकलताना कटकट न्हाय. मग मी सात म्हैने घरात आत्तीचं तोंड बघत बसले, आन आत्ती माझं. आत्ती म्हंजे माझी सासू, नागुबाई. सात म्हैन्यांत आमी दोघींनी येकमेकींच्या सगळ्या खोडी काढून संपवल्या.

तर ह्या खेपेला सांगायचं कवा, ह्यावर घरात रोज पंचायत.

आत्ती म्हनाली, "पाचव्याच्या आत कुनाला सांगायचं न्हाय. दिष्ट लागत्या."

आमचं धनी म्हनालं, "आजच सांग. उगं लपवाछपवी कशाला? मी येऊन सांगू काय अक्काताईला?"

"परशा, तू गप बस," आत्ती म्हनाली. "तुझ्या तोंडात तीळ भिजत न्हाय."

ते खरं हुतं. बाजारात हमाली करनारा मानूस, चार लोकांत दिस जायाचा, आन आनंद झाला की धन्यांच्या तोंडावर दिवाळी दिसायची. मी त्यांना चंपीच्या डोक्यावर हात ठिवून शपथ घ्यायला लावली.

"आन मी ठरवलंय," मी म्हनले. "चाळण हातात पडू दे. खूण वाळली की त्याच दिशी सांगनार. आदी न्हाय."

आत्तीनं चंपीला मांडीवर घेतलं. मग म्हनाली, "तिसऱ्यात चोरचोळी करत्यात माहेरची मानसं. कुनाला कळू न देता, गुपचूप हिरवी चोळी. तुझी आई असती तर..." माझं माहेर कणकुंबीला, पार रानात. आई जाऊन चार वर्सं झालेली, भावजय चिठ्ठीला बी जवाब देत न्हाय. मी म्हनले, "चोळी ऱ्हाऊ दे आत्ती, मला चाळण मिळू दे." पन रातच्याला आईची लई याद आली, खोटं कशाला बोलू.

लपवनं सोपं न्हवतं. सकाळी खकाणा नाकात गेला की पोटात ढवळायचं. मी चिंचेचं बुटूक गालात धरून बसायची. तरी निभायचं न्हाय. मग उठून वखारीमागच्या लिंबाखाली पळायची, वकून यायची, तोंड धुऊन परत चाळण हातात.

अक्काताई म्हंजे अंगानं दांडगी बाई. आवाज असा, की हितं वराडली तर बोरगावात बैलं थांबावीत. हसताना तिला कुनी बघितलंच न्हवतं. एक दिस ती माझ्याम्होरं उभी ऱ्हायली.

"काय झालं गं?"

"पित्त, आक्का."

"कालबी पित्त?"

"व्हय, कालबी."

"रोज सकाळचंच येतंय जनू तुझं पित्त?"

"लहानपनापासनं तसंच हाय, आक्का."

"हं," म्हनाली आन गेली. मला वाटलं, जितलं गं बाई.

त्यात धन्यांनी काय करावं? भर दुपारी तांब्याभर ताक घेऊन वखारीच्या दारात हजर! साठ बायकांच्या म्होरं. "पित्ताला चांगलं असतंय," म्हनालं, आन तोंडावर तीच दिवाळी. माझ्या शेजारच्या मालुबाईनं इचारलं, "का गं, तुझा न्हवरा रोज ताक घालतोय व्हय तुला? आमचा तर पान्याला बी इचारत न्हाय." साऱ्या रांगेत हशा पिकला. घरी गेल्यावर मी धन्यांना असं सोललं, की दोन दिस ते माझ्यापुढं जेवायला बसलं न्हाईत.

म्हैना भरायला आठ दिस ऱ्हायले आन अक्काताईनं मला रांगेतनं हाक मारली. "शालू, ऊठ. आजपासनं तू दाराजवळ बस."

दाराजवळ! मला ठावं हुतं दाराजवळची जागा कशासाठी असत्या. "का आक्का, काय चुकलं माझं?"

"चुकायला काय झालंय? बस म्हनलं की बसायचं."

बसले. आठ दिस बसले. दारातनं वारं यायाचं, खकाणा भायेर जायाचा, माझं वकनं बी थांबलं हुतं. पन ते माझ्या ध्यानात येतंय कुठलं? मी आतल्या आत पेटलेली. येनारी जानारी बाई माझ्याकडं बघून हसायची, मला वाटायचं, माझी कीव करायला लागल्यात सगळ्या. घरी येऊन भांडी आदळायची. आत्ती म्हनाली, "भांड्यांनी काय केलंय तुझं?" मी म्हनले, "तुमी बी हाकला मला आता!" आन रडले. मग आत्ती आपनच भांडी घासायला बसली.

म्हैना भरला त्या दिशी काम सुटायच्या आदी अक्काताई चाळणी घेऊन आली. नव्या आमी तिघी. तिनं रुक्माबाईला बोलावलं, चाळण दिली. तिच्या जोडीच्या बाईला बोलावलं, तिला दिली. हात रिकामे झाले तशी ती म्हनाली, "झालं. आवरा आता."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी उठले आन पदर खोचला.

"झालं कसं, आक्का? मला हाकलायचं तर तोंडानं सांगा की! आठ दिस दारात कुत्र्यागत बसवून ठिवलासा! व्हय, हाय मी पोटुशी! तिसरा चाललाय! पित्तबित्त काय न्हाय मला! पोट वाढतंय म्हनून हात बारीक झालं न्हाईत माझं. ह्या रांगेत माझ्याएवढं साफ कोन चाळतंय, दावा मला! कोन चाळतंय?"

मग मागच्या रांगेत कुनीतरी खुदकन हसलं. मग दुसरी. मग सगळा धबधबा सुटला. साठ बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या आन मधी मी एकटी लाकडावानी उभी.

"आगं बस खाली," अक्काताई म्हनाली. "वराडू नगंस, पोटातलं दचकंल. सगळा घोटाळा केलास बघ!"

"कसला घोटाळा?"

तेवढ्यात हापिसातनं मारुतीराव मालक भायेर आलं, हातात चष्मा. "काय गोंधळ लावलाय? अक्काताई, काय झालं?"

साठ जनींनी ऐकलेलं. एकीनं तोंड उघडलं असतं तरी माझं संपलं हुतं. पन सगळ्यांच्या माना खाली. कुनी काड्या निवडतंय, कुनी पदर झाडतंय. अक्काताई मालकाकडं वळली आन तोंडावरची माशी बी हलू न देता म्हनाली, "काय न्हाय मालक. शालूला पित्त झालंय. डोस्क्यात गेलंय."

"पित्त? मग ताक द्या की तिला," मालक म्हनालं आन आत गेलं.

मालुबाई हसून हसून आडवी झाली.

अक्काताईनं मला हाताला धरून लिंबाखाली नेलं. तिथं एका सुपाखाली चाळण झाकून ठिवलेली. काठावर चुन्याची खूण, वाळून खडखडीत. चाळणीत हिरव्या खणाची घडी.

"चोरचोळी चोरून द्यायची असत्या," ती म्हनाली. "सगळ्या गेल्यावर तुला एकटीला थांबवून देनार हुते. साठ जनींनी मिळून घेतलाय खण. आन तू दवंडी पिटलीस."

मी इचारलं, "आन दाराजवळ...?"

"माझी तिन्ही पोरं पोटात हुती तवा मी त्याच जागंवर बसलीया. आमच्यात पोटुशी बाई वाऱ्याला बसवत्यात. तुझ्या त्या जुन्या वखारीत काय करत्यात, ते मला काय ठावं?"

"पन तुमाला कळलं कवा, आक्का? ताक आलं त्या दिशी?"

"ताकावर कुठं जातीस? कामाला घेतलं त्या दिशी. तू दारात आलीस आन पदर नाकाला लावलास. तीन हंगाम तंबाखूत काढलेली बाई तंबाखूला नाक धरती कवा?"

"म्हंजे ठावं असून घेतलंसा मला?"

"व्हय. मग? चाळतीस की चांगलं," ती म्हनाली. "मालकाला कवा सांगायचं ते मी बघते. सातव्यात सांगू. तवर पित्तच हाय तुला."

मला एवढं रडू आलं, एवढं रडू आलं, की खण सगळा भिजला. अक्काताईनं माझ्या पाठीवरनं हात फिरवला. मग आपलं डोळं पुसत म्हनाली, "आज खकाणा लई उडालाय बाई." लिंबाखाली, भायेर, वाऱ्याला आमी उभ्या, आन म्हनं खकाणा!

घरी गेले तर धनी दारातच. "सांगितलंस काय?"

मी चाळणीची खूण सांगितली, खण दावला. आत्तीनं खण हातात घेतला, उलटसुलट केला, आन कपाळाला लावला. "माहेर भेटलं की गं तुला," म्हनाली. मग धन्यांकडं वळली. "परशा, उद्यापासनं ताक दोन तांबे ने. तिच्या माहेरची मानसं साठ हाईत."