ईश्वरदासच्या कॉर्नेटचं सूत

ईश्वरदास दिवसा मागावर बसे आणि लग्नसराईत बँडात कॉर्नेट, तुतारीसारखं पितळी वाद्य, वाजवी. कोष्टीपुऱ्यात त्याच्या विणीत खोट काढली तर तो हसून सोडून देई. वाजवण्यात काढली, तर अर्धा चहा तिथंच ठेवून उठून जाई. नाकावर माशी बसू देणार नाही, असा बाबा. बँडात सगळ्यांत जुना तोच. वरात निघण्याआधी त्यानं एक लांब सूर द्यायचा आणि बाकीच्यांनी आपली वाद्यं त्याला मिळवून घ्यायची, ही तिथली रीत.

सूर मिळाला नाही की तो क्लॅरनेटवाल्या नत्थूवर घसरायचा.

"चढला तू नत्थू. खाली ये गा. नाचता येईना, अंगण वाकडं."

नत्थू खाली यायचा.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात शेजारच्या विश्वनाथनं भजनासाठी नवी पेटी आणली. ईश्वरदास हौसेनं कॉर्नेट घेऊन ओट्यावर बसला आणि पहिल्याच सुराला चपापला. पेटीपेक्षा कॉर्नेट खाली बोलत होता. त्यानं सूर मिळवायची नळी पार आत सारली. खालचे सूर कसेबसे जुळले, पण वर चढावं तसा फरक वाढत जाई. विश्वनाथ भला माणूस. "पेटी नवी आहे, बसन हळूहळू," म्हणाला.

पेटीचा सूर कसला बसतो, कपाळ! ईश्वरदास दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या देवाजीच्या घरची जुनी पेटी वाजवून आला. तिचं आणि नवीचं एकमत होतं. बँडात सगळं बरोबर आणि पेटीशी मात्र चूक, हे कसं काय? एकच उत्तर सुचलं. तो घरी येऊन बायकोजवळ बसला. रुख्माबाई चरख्यावर सूत गुंडाळून मागासाठी कांड्या भरत होती.

"माहा कान गेला वाटते वं. गेला असन तर वाजवणं सोडतो मी. बेसूर माणसानं चारचौघांत सूर देऊ नाई."

तो खरंच घाबरला होता. चाळीस वर्षांचा माग त्यानं एका दिवसात सोडला असता, कॉर्नेट नाही.

रुख्माबाईनं चरखा थांबवला नाही. "कान गेला असता, तर पेटीसंगं जुळत नाई हे कसं समजलं असतं तुमाले?"

ईश्वरदास तिच्याकडे वळला. "मंग?"

"मंग वाद्य पाहा ना जी."

त्यानं कॉर्नेटचं माउथपीस, फुंकायचं तोंड, उपसलं. मूळचं कुही गावच्या एका वरातीत धानाच्या बांधीत, ओल्या शेतात पडलं होतं, ते चिखलात गेलं ते गेलंच. हे होतं दुसऱ्याच कुठल्या वाद्याचं. दांडी बारीक, म्हणून नळीत ढिलं बसे. कोष्ट्याच्या घरात सुताला काय तोटा? त्यानं दांडीवर खळ लावलेलं सूत गुंडाळलं होतं. पुढच्या सराईत ते ढिलं झालं, त्यावर आणखी. मग आणखी. तुटलं सूत सांधायचं, टाकायचं नाही, हे हाताला लहानपणापासून शिकवलेलं. जुनं सोडून टाकावं हे त्याच्या मनातही आलं नाही.

"हे माउथपीस हाय का कांडी?" रुख्माबाई म्हणाली.

खरंच होतं ते. सुतानं दांडी इतकी जाड झाली होती की माउथपीस नळीच्या तोंडाशीच अडून राही. आत जायची ती दांडी बाहेर, म्हणजे फुंकेची वाट तेवढी लांबलेली, आणि वाट लांबली की सूर उतरतो.

ईश्वरदासनं विश्वनाथकडून पेटी मागून आणली. रुख्माबाईला एक पट्टी दाबून धरायला सांगितलं आणि सुताचा एक थर उलगडला. सूर जरासा वर सरकला. आणखी एक थर, आणखी वर. अरेच्चा! एवढंसं सूत आणि ही करामत? माउथपीस किती आत गेलं की वरचे सूर किती हलतात, हे बघण्यात तो जेवण विसरला. सगळं सूत काढल्यावर ते डुगडुगलं आणि कॉर्नेट चढाच किंचाळला. मग त्यानं लुगड्याच्या काठाच्या रेशमाचे थोडेसे फेरे दिले. वरपासून खालपर्यंत कॉर्नेट पेटीशी असा मिळाला, की रुख्माबाईनंही मान डोलावली. कान शाबूत होता. त्याला इतका आनंद झाला की त्यानं विश्वनाथलाही बोलावून ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी बँडच्या तालमीत त्यानं ऐटीत सूर दिला. बाकीच्यांनी वाजवलं आणि त्याचा चेहरा उतरला. सगळा बँड त्याच्या खाली. सगळ्यांत खाली नत्थू.

ईश्वरदास उठून त्याच्याजवळ गेला. क्लॅरनेटचा वरचा सांधा बाहेर ओढून ठेवलेला होता, मध्ये फट दिसत होती.

"हे काहून ओढलं गा?"

"तुमीच म्हणत होते ना भाऊ, खाली ये. दर सराईत थोडं थोडं येत गेलो."

"तुले समजत होतं, मी सुरात उतरून राहिलो ते?"

"सगळ्याइलेच समजत होतं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

नत्थूनं क्लॅरनेटवरची धूळ उगाच अंगठ्यानं पुसली. "एक डाव सांगतलं होतं. तुमी महिनाभर बोलले नाई माह्यासंगं."

ईश्वरदासनं आठवून पाहिलं. त्याला काही केल्या ते आठवेना. त्या पोराशी आपण महिनाभर अबोला धरला, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही, हे त्याला कान जाण्यापेक्षा जास्त लागलं. सगळे त्याच्याकडे बघत होते, तो कोणाकडे बघू शकला नाही.

"तो सांधा आत सार," तो शेवटी म्हणाला. "आजपासून सूर तू देशीन. अन् मी चुकलो तर तोंडावर सांगजो. मी बोलणं बंद केलं, तरी सांगजो."