मला बर्फाची पेटी व्हायचे नव्हते

मित्रांनो, मी एक जुनी शिडाची होडी आहे; पण मला जुनी म्हणायचा हक्क फक्त माझा. दुसरे कोणी म्हणाले की माझ्या फळ्या कुरकुरतात. कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विला बेटावरच्या आयलंड हार्बर गावात माझा मुक्काम असतो आणि माझे नाव मिस रूथ.

मला एब कॉनर यांनी बांधले. सगळे गाव त्यांना पापा एब म्हणे. कागदावर एक रेघही न ओढता त्यांनी मला डोळ्यांच्या अंदाजाने घडवले. मुळातच वाकलेली पांढऱ्या सिडारची लाकडे हुडकून त्यांनी माझ्या बरगड्या केल्या, फटींत कापूस ठासला आणि नाळेवर, म्हणजे माझ्या पुढच्या टोकावर, बायकोचे नाव रंगवले. "दोघीही माझं ऐकत नाहीत," असे ते गावभर सांगत. खरी रूथ हे ऐकून हातातले उलथणे उगारत असे, पण तिला ते आवडायचे.

मी काय काय नाही वाहिले! मासे, खेकडे, गोड्या पाण्याची पिंपे आणि एकदा तर एक नवरी, तिची आत्या आणि आत्याची रुसलेली शेळी. पहाटे आम्ही सगळ्या होड्या मासेमारीला जायचो आणि दुपारी परतताना आमची चढाओढ लागायची, कारण जी आधी पोचेल तिचे मासे आधी खपत. त्या चढाओढीतूनच आमच्या शर्यती जन्मल्या. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी तर अख्खे बेट कड्यावर येऊन उभे राहते. त्या दिवशी भाऊ भावाला ओळखत नाही. मी कितीदा जिंकले ते मी सांगणार नाही, बढाई मारणे मला शोभत नाही. पण खूपदा जिंकले.

मग मोटारीच्या होड्या आल्या. पापा एब गेले, त्यांच्या पाठोपाठ रूथही गेली, आणि मी किनाऱ्यावरच्या झाडाखाली उलटी पडून राहिले. माझ्या पोटाखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. लाटांचा आवाज रोज कानावर यायचा आणि माझा जीव तळमळायचा.

एक दिवस पापा एब यांचा मुलगा डेन्झिल एका हॉटेलवाल्याला घेऊन आला. डेन्झिल टॅक्सी चालवायचा आणि अंगाने चांगला दांडगा होता. हॉटेलवाला म्हणाला, "झकास! मधोमध कापू, उभी करू आणि पोटात बर्फ भरून सरबताच्या बाटल्या ठेवू." होडीच्या अंगावर काटा येतो तेव्हा तिचे खिळे सैल होतात. त्या दिवशी माझे बरेच खिळे सैल झाले.

डेन्झिलची बहीण ऑर्लेट मासेमारी करायची. तिला हे कळताच ती वाऱ्यासारखी आली.

"आईचं नाव आहे हिच्यावर, आणि तू हिची बर्फाची पेटी करणार?"

"इथे सडण्यापेक्षा ते बरं. लोक बघतील तरी."

"सोमवारी शर्यतीत उतरवते हिला. जिंकली तर इथेच राहील. हरली तर ने तुझ्या बर्फवाल्याकडे."

"चालेल," डेन्झिल हसून म्हणाला. "पण बुडालीस तर मला हाक मारू नकोस."

ऑर्लेटने रात्रंदिवस खपून माझ्या फटी बुजवल्या, मला रंगवले. पापा एब यांचा जुना सोबती जोसाया दोऱ्या सांभाळायला तयार झाला. म्हातारा काडीसारखा होता, पण हात अजून चपळ होते. अडचण वजनाची होती. आमची शिडे अवाढव्य असतात. जोराच्या वाऱ्यात होडी कलंडू नये म्हणून वर उचलल्या जाणाऱ्या बाजूला भारी माणसे बसवावी लागतात, आणि गावातले सगळे भारी गडी इतर होड्यांनी आधीच पळवले होते.

ऑर्लेट थेट तांती क्लारिंडाच्या टपरीवर गेली. तांती म्हणजे सगळ्या गावाची मावशी. तिच्यासारखे मैद्याचे गुबगुबीत जॉनीकेक कोणी तळत नाही आणि तिच्याइतके कोणी खातही नाही.

"तांती, सोमवारी माझ्याबरोबर शर्यतीला ये."

"मी? मला काय कळतं गं होडीतलं?"

"कळायला नको. नुसतं बसायचं."

तांतीने कमरेवर हात ठेवले. "म्हणजे तुला मी नकोय, माझं वजन हवंय!"

"दोन्ही हवंय, तांती."

तांती खळखळून हसली. "जन्मभर लोक मला कमी खा म्हणाले. आज पहिल्यांदा कुणी माझ्या खाण्याची कदर केली!"

सोमवारी ती चर्चमध्ये तिच्याबरोबर गाणाऱ्या चार मैत्रिणींना घेऊन आली. एकीपेक्षा एक वजनदार! किनाऱ्यावर डेन्झिल पोट धरून हसला. "ही होडी आहे का रविवारची प्रार्थना?"

"हसतोस काय?" तांती कडाडली. "गावातला सगळ्यात भारी धोंडा तर तूच! चल, चढ. का भितोस बहिणीला?"

सगळा किनारा हसला. आता माघार घेतली तर वर्षभर त्याच्या टॅक्सीत बसणारा प्रत्येक जण त्याला चिडवणार होता. डेन्झिल नव्या बुटांसकट माझ्यात चढला.

आणि मित्रांनो, बंदुकीचा बार झाला! शीड फुगले, डोलकाठी करकरली आणि मी पाण्याला भिडले. कितीतरी वर्षांनी खारे पाणी माझ्या अंगावर उडाले. मला ओरडावेसे वाटत होते, पण ते काम बायकांनी केले. त्यांनी भजन सुरू केले ते टिपेच्या सुरात. पश्चिमेच्या खुणेला वळसा घालून आम्ही परत फिरलो तेव्हा वारा पिसाळला होता. इतर होड्या कलंडत होत्या, एकीची तर काठीच मोडली. मी मात्र आमच्या सहा भारी माणसांच्या जोरावर ताठ पळत होते. कड्यावरून मोटारींचे भोंगे वाजत होते. पुढे फक्त किंग डेव्हिड ही दांडगी होडी उरली आणि आम्ही तिला गाठलेच.

तेवढ्यात वारा पडला.

आता ऑर्लेटची चूक ध्यानात आली. शर्यतीत माणसांबरोबर वजनाला दगडही नेतात ते एवढ्यासाठीच, की वारा पडला म्हणजे ते समुद्रात टाकून होडी हलकी करता येते. किंग डेव्हिडवरचे गडी धपाधप दगड टाकू लागले आणि ती होडी पुढे सरकली. आमच्याकडे टाकायला दगडच नव्हते.

"आता गं?" एकीने विचारले.

ऑर्लेटने सुकाणू आणखी घट्ट धरले. तांतीने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा पाण्याकडे पाहिले. मग तिने डोक्यावरची हॅट काढून जोसायाच्या डोक्यावर ठेवली. "निघालेली माणसं परत यायलाच हवीत, असं नियमात कुठंय? माझी हॅट भिजवू नकोस रे!"

आणि तिने उडी घेतली. मित्रांनो, काय ते पाणी उसळले! तिच्यामागोमाग चौघी मैत्रिणींनी धडाधड उड्या टाकल्या. मागून येणाऱ्या मोटारहोड्यांनी त्यांना उचलून घेतले. प्रत्येक उडीबरोबर मी वर येत होते, हलकी होत होते. किंग डेव्हिडची नाळ आता माझ्या नाळेच्या हातभरच पुढे होती. पाण्यावर तरंगणारे पिवळे पिंप समोर दिसत होते. त्याला जी आधी शिवेल ती जिंकणार.

माझ्यात एकच वजन उरले होते.

डेन्झिल हलला नाही. तो बसून राहिला की मी हरणार होते आणि हॉटेलवाल्याची करवत चालणार होती. "मी तुला ढकलणार नाही, डेन्झिल," ऑर्लेट म्हणाली. त्याचा तळहात माझ्या बरगडीवर होता. लहानपणी मासेमारीहून येताना झोप लागली की तो तिथेच डोके टेकायचा. मला ते आठवत होते. त्याला आठवत होते की नाही, ते मला कसे कळणार? मला बोलता येत असते तर मी त्याची विनवणी केली असती. घाबरले होते मी.

"अरे देवा, माझे बूट," डेन्झिल पुटपुटला, आणि गेला की पाण्यात!

मी उसळले. खरेच उसळले! जोसायाने शीड ओढले आणि माझी नाळ किंग डेव्हिडच्या आधी पिंपाला शिवली. कड्यावर नुसता कल्लोळ उठला. किंग डेव्हिडवाले अजूनही भांडतात, भांडोत बिचारे.

किनाऱ्यावर हॉटेलवाला मापाची पट्टी घेऊन उभा होता. "मग, कधी कापायची?" त्याने विचारले. त्याने शर्यत पाहिलीच नव्हती.

डेन्झिल नखशिखांत भिजला होता आणि त्याचा एक बूट समुद्राने ठेवून घेतला होता. तो म्हणाला, "आईला कापतात का कुणी?"

तेव्हापासून मी पाण्यात आहे. मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी अडगळीतली सायकल असेल, एखादी मुकी झालेली बाजाची पेटी असेल. तिला पुसून शोभेला ठेवाल तर ती तुम्हाला दुवा देणार नाही. तिच्यावर स्वार व्हा, तिला वाजवा, मोडली तर दुरुस्त करा आणि पुन्हा बाहेर काढा. आणि कधी इकडे आलात तर माझ्यात अवश्य बसा. मात्र आधी पोहायला शिकून या, कारण वारा पडला तर मी तुम्हाला उडी मारायला लावणार आहे.