भाड्याच्या घराची वास्तुशांत

श्रीरंगने घराच्या आधी गुरुजी बुक केले. १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या आमच्या फ्रीमाँटमध्ये मराठी गुरुजी एकच, तेही आठवडाभर इंजिनिअर आणि फक्त शनिवारी गुरुजी. तारीख मिळाली की सोडायची नाही, हा आमच्या मंडळींचा नियम. टाउनहाउस पसंत पडलं होतं, कर्जाचा अर्ज भरून तयार होता. राहिली होती माझी सही.

पण त्याच महिन्यात मला पीएच.डी.ला प्रवेश मिळाला. नागपूरला एम.एस्सी. होऊन सहा वर्षं झाली होती, आणि इथे आल्यापासून मी एका कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत भिंगाला डोळा लावून दुसऱ्यांच्या चुका शोधत होते. सप्टेंबरपासून शिकायचं तर नोकरी सोडायला हवी, आणि बँकेला हवे होते दोघांचे पगार.

"सही करून टाक ना यार, मीनाक्षी," श्रीरंग म्हणाला. "अ‍ॅडमिशन एक वर्ष पोस्टपोन करू."

हे 'एक वर्ष' मी चौथ्यांदा ऐकत होते. आधी ग्रीन कार्ड, मग गाडी, मग त्याच्या बहिणीचं लग्न. माझं डोकंच फिरलं.

त्यात पुरुषोत्तमकाका आले. इथल्या अर्ध्या मराठी मंडळाला त्यांनीच घरं घ्यायला लावली होती. "अगं, घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून!"

"अर्धी म्हण करून पाहिलीय, काका. उरलेल्या अर्धीची मला घाई नाही."

बँकेतल्या बाईंनी कागद पुढे सरकवले आणि विचारलं श्रीरंगला, की मिसेस नोकरी चालू ठेवणार ना?

"येस," तो म्हणाला.

"नो," मी म्हणाले. "एकतीस ऑगस्ट माझा शेवटचा दिवस."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

परतल्यावर अपार्टमेंटपाशी गाडी थांबवून तो म्हणाला, "शनिवारची पूजा कॅन्सल करतो."

"कशाला? राहतो ती वास्तूच आहे की."

शनिवारी दोन खोल्यांत तीस माणसं जमली. काका दारातच म्हणाले, "भाड्याच्या घराची वास्तुशांत? लोक हसतील."

"हसू देत. हसून झालं की जेवतील."

श्रीरंग पाटावर माझ्या शेजारी बसला, तोंड फुगवून. गुरुजी म्हणाले, "यजमान, पळीत पाणी घ्या. वहिनी, त्यांच्या हाताला हात लावा."

लग्नापासून प्रत्येक पूजेत मी हेच करत आले होते. करायचं त्याने, मी नुसता हात लावायचा. बँकेतही माझ्याकडून तेवढंच हवं होतं. मी पळी उचलली.

"आज मी करते. श्रीरंग, तू हात लाव."

काका मोठ्याने खाकरले. गुरुजींनी पोथीतून मान वर केली. श्रीरंग माझ्याकडे बघत राहिला, रागानेच. त्याने उठून जावं एवढा वेळ मी त्याला दिला, पण पळी खाली ठेवली नाही.

मग माझ्या कोपराला त्याची बोटं लागली.

"म्हणा," गुरुजी मला म्हणाले.

मी संकल्प म्हटला. आवाज भिंतीपलीकडच्या भाडेकरूंनाही ऐकू गेला असेल.