धुरपतामायची उशी

तुम्हाला हे खरं वाटायचं नाही, पण वाशीमच्या कोर्टात उभं राहून, शपथ घेऊन, 'मी खोटारडा आहे' हे पटवायला घाम गाळलेला माणूस सबंध जिल्ह्यात एकच, आणि तो मी. त्याहून खरं न वाटणारी गोष्ट म्हणजे, ते मला जमत नव्हतं.

"म्हणजे धरमसिंगला तुम्ही पाहिलंच नाही?" सरकारी वकिलाने विचारलं.

"नाई साहेब."

"पण सहा वर्षांपूर्वी तुम्ही पोलिसांना सांगितलंत, वाशीम स्टेशनावर पाहिला म्हणून. खाली सही आहे तुमची."

"मी त्यायले असंबी सांगतलं होतं का रिसोडचे एक पाटील माह्या गादीवर उन्हाळ्यात झोपले, थे पोळ्याले उठले. थे काहून नाई लिहून घेतलं?"

मागच्या बाकांवर खसखस पिकली. जजबाई हसल्या नाहीत. तिसऱ्या बाकावर बसलेली रामीबाईही हसली नाही. तिच्या शेजारी तिची सासू धुरपतामाय बसली होती. कंबर दुखते म्हणून घरून आणलेली उशी तिने आता मांडीवर घेतली होती.

त्या उशीचं आणि माझं जुनं वैर. मी मेहबूब पिंजारी. लोकांच्या गाद्या-उशा उसवायच्या, कापूस पिंजून मऊ करायचा, पुन्हा भरून टाके घालायचे, हा माझा धंदा. दुकान वाशीमला, पण दरवर्षी सायकलला पिंजण बांधून मी केनवडकडच्या तांड्यांवर जायचो. एकदा मी इतका हलका कापूस पिंजला की उशी उडून छपरावर जाऊन बसली. ते असो. तांड्यावरच्या सगळ्या उशा मी पिंजल्या, फक्त धुरपतामायची सोडून. तिची उशी दगडासारखी झाली होती. दरवर्षी मी म्हणायचो, "माय, दे इकडं, लोणी करतो तिचं." दरवर्षी ती म्हणायची, "राहू दे, मले अशीच झोप येते."

तिचा एकुलता एक मुलगा धरमसिंग फौजेत होता. २०१६ ची होळी तांड्यावर खेळला, लेंगी गाणी गायला, रजा संपली तसा निघाला. फाट्यावर धुरपतामायने त्याला एस्टीत बसवून दिलं. तिथून स्टेशन, तिथून रेल्वे. पलटणीत तो पोचलाच नाही. महिन्याभराने फौजेचा कागद आला, रजा संपूनही गैरहजर. मग दुसरा आला, त्यात शब्द होता भगोडा, म्हणजे पळपुटा. रामीबाईने पोलिसात तक्रार दिली. तिथल्या कागदावर तो हरवलेला. एकाच माणसाबद्दल दोन सरकारी कागद. एका कागदावर तो शोधून सापडत नव्हता, दुसऱ्यावर लपून बसला होता.

दोन वर्षं गेली. मी तांड्यावर गेलो तेव्हा धुरपतामाय अंगणात भिंतीला टेकून बसली होती. चार दिवस तिने अन्न घेतलं नव्हतं. नुसतं पाणी. चौकशीला आलेला हवालदार ओट्यावर बसून चहा पीत होता, रामीबाई सासूपुढे ताटली धरून उभी होती, आणि माझी जीभ... तिला कधी दम धरवत नाही.

"माय, तुले सांगणार नव्हतो," मी म्हणालो. "मागच्या मंगळवारी वाशीम स्टेशनावर धरमसिंगले पायला मी. निळं शर्ट. उभ्यानं चहा पेऊन राह्यला होता. म्हने, चाचा, मायले सांगजा, येतो मी."

धुरपतामायने मान वर केली. मग तिने एकच विचारलं.

"हातात कडं होतं का त्याच्या?"

धरमसिंगच्या उजव्या हातातलं चांदीचं जाड कडं सगळ्या तांड्याने पाहिलेलं. मी म्हणालो, "होतं म्हंजे? चमकून राह्यलं होतं उन्हात!"

रामीबाईच्या हातातून तिने ताटली घेतली, भाकर मोडली आणि खाल्ली. मला वाटलं, आयुष्यातली सगळ्यात चांगली थाप आज मारली. हवालदाराने सगळं लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. तीसुद्धा मी ऐटीत केली.

यंदा रामीबाई दुकानात आली. मी कापूस पिंजायच्या मशीनवर होतो.

"चाचा, मशीन बंद करा."

केली.

"वकीलबाई म्हणतात, ज्यायले खबर लागाले पायजे त्यायलेच सात वर्सं खबर नसली, तर कोर्ट माणूस मेला असं धरते. मंग फौजेच्या कागदावरचा थो शब्द खोडाले मांगता येते."

"चांगलं हाये ना मंग."

"काय चांगलं? पोलिसायच्या कागदात तुमचा चहा हाये. तुमच्या चहापासून मोजलं तर सहाच वर्सं होतात. अन् थो स्टेशनावर चहा पेत होता, तर मंग खरंच पळाला ना थो? तुमी त्याले जिता ठेवला, चाचा, अन् भगोडा केला."

मी मशीन रिकामी करू लागलो. कापूस नाकातोंडात जात होता.

"रुचिका पोलीस भरतीले पळून राह्यली," ती म्हणाली. रुचिका तिची मुलगी. "फाट्यावर आमच्या तांड्यातला मदनसिंग पोरायसमोर बोल्ला, पळाची सवय बापाकडूनच आली म्हने. पोरगी घरी येऊन जोडे धुवत बसली. रडली नाई. मले पेन्शन मिळन का नाई, थे मागून पाहू. पयले थो शब्द गेला पायजे. माह्या नवऱ्याले मेला म्हणा, असे मी हात जोडून राह्यली कोर्टात, अन् तुमी त्याले चहा पाजून राह्यले!"

"मायचं काय म्हणणं हाये?"

"त्या म्हणतात, मेहबूबनं पायलं, पोरगं हाये. कुकू लावाले लावतात मले रोज, उभं राहून." ती दारात थांबली. "तुमी खोटं कबूल केलं तर लोक हसतीन तुमाले. हसू द्या. मी आठ वर्सं ऐकून राह्यली."

म्हणून मी त्या पिंजऱ्यात उभा होतो. आयुष्यात एकही थाप कबूल न केलेला माणूस, आणि आता एकामागून एक ओकत होतो. पाटील उठलेच नव्हते कारण ते झोपलेच नव्हते. उशी छपरावर वाऱ्याने गेली. सगळं सांगितलं. जितकं सांगावं तितकं सरकारी वकिलाचं काम सोपं होत होतं.

"बाईसाहेब," तो जजबाईंना म्हणाला, "साक्षीदार स्वतःच सांगतो की खोटं बोलणं ही त्याची सवय आहे. मग तो आजच खरं बोलतोय हे कशावरून? ही बाई त्याला चाचा म्हणते, तिच्यासाठी तो आज काहीही बोलेल. तेव्हा मात्र कुणाच्या सांगण्यावरून बोलला नव्हता." त्याने कागद उचलला. "निळा शर्ट. उभ्याने चहा. उजव्या हातात चांदीचं कडं. न पाहता इतकं बारीक कोण सांगेल?"

"मी सांगन साहेब. तोच तर माहा धंदा."

"तुमचा धंदा गाद्यांचा आहे." या वेळी जजबाईसुद्धा किंचित हसल्या. "आणि अर्जदार बाईंनीच इथे सांगितलंय की घरातून निघताना नवऱ्याच्या हातात कडं होतं. म्हणजे वर्णन जुळतं."

रामीबाई उठून उभी राहिली. "होतं. निघताना होतं. मी खोटं नाई बोलणार, साहेब. पण थो पळणारा माणूस नव्हता."

"बसा," जजबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही पाहिलं नाही, याला तुमच्या शब्दाशिवाय दुसरा काही पुरावा आहे?"

नव्हता. सत्तर वर्षांत मी पुरावा लागेल असं काही बोललोच नव्हतो. आमच्या वकीलबाई कागद चाळत होत्या, आणि कागदात काही नव्हतं हे त्यांनाही माहीत होतं.

तेव्हा धुरपतामाय उठली.

उशी छातीशी धरून ती बाकांमधून पुढे येऊ लागली. शिपाई आडवा झाला. ती त्याला वळसा घालून आली.

"कोण आहेत या?" जजबाईंनी विचारलं.

"मी त्याची माय हाये."

वकीलबाई झटकन उभ्या राहिल्या, यांची साक्ष घ्यावी म्हणाल्या. सरकारी वकिलाने हरकत घेतली. जजबाईंनी म्हातारीकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं आणि येऊ द्या म्हणून हात केला. मी खाली उतरलो. ती वर चढली. शपथ घेतानाही तिने उशी सोडली नाही.

"काही सांगायचं आहे का, आजी?"

तिने उशीचं टोक तोंडात घेतलं आणि दाताने दोरा तोडला. एक टाका, दुसरा, तिसरा. ते टाके माझे नव्हते. मोठाले, वाकडे, घाईत घातलेले होते. ती आत हात घालून गोळा झालेला पिवळा कापूस काढू लागली, आणि तो कठड्यावरून खाली पडत राहिला. रामीबाई पुढे आली आणि सासूच्या कोपराला हात लावून उभी राहिली.

धुरपतामायचा हात बाहेर आला, तेव्हा मुठीत चांदीचं जाड कडं होतं. काळं पडलेलं.

"फाट्यावर एस्टीत चढताना काढून देल्लं त्यानं," ती जजबाईंना म्हणाली. "म्हने, नव्या साहेबाले चालत नाई, तू ठेव. मी येईन तवा देजो." रामीबाईचा हात तिच्या कोपरावर तसाच होता. तिच्याकडे न पाहता म्हातारीने ते कडं तिच्या तळहातावर ठेवलं आणि तिची बोटं एकेक करून मिटली.

मग ती माझ्याकडे वळली.

"लबाड बोल्ला तू, मेहबूब. मले त्याच दिवशी समजलं. तरी जेवली मी."