दुसऱ्या गिअरमध्ये

मेस्त्रीने जीपच्या अ‍ॅक्सलमधल्या क्राऊनच्या, म्हणजे मोठ्या दातेरी चाकाच्या, दात्यांना पिवळी पेस्ट फासली, चाक हाताने सावकाश फिरवलं आणि टॉर्चच्या उजेडात वाकून पाहिलं. पेस्ट दात्यांच्या मधोमध पुसली जायला हवी होती. ती पुसली गेली होती टोकाला. म्हणजे त्यात अडकणारं छोटं पिनियन पुन्हा बाहेर काढा, कागदासारख्या पातळ चकत्या बदला, पुन्हा बसवा. सकाळपासून ही चौथी खेप. पुढच्या चाकांचा अ‍ॅक्सल परवाच मार्गी लागला होता. मागचा हटून बसला होता.

“सर्व्हिसिंगला चार दिवस?” बायको चहा घेऊन दारात उभी होती, आणि कप ठेवायला तेल लागलं नाही अशी एकही जागा तिला दिसत नव्हती. “बाळंतपणसुद्धा लवकर उरकतं.”

बोलून गेली आणि तिनेच जीभ चावली.

“ठेव त्या डब्यावर,” तो मान वर न करता म्हणाला.

जीप त्याच्या धाकट्या बहिणीची. ती नर्स, डोंगरावरच्या वस्त्यांवर बाळंतपणांना तीच जायची. सहा महिन्यांपूर्वी तिने टायर बदलून मागितले, आणि यानेच हौसेने मापापेक्षा मोठे घातले. नर्सबाईंची गाडी कशी, लांबून ओळखू यायला हवी. तीही हसली होती. “आता चढायला शिडी दे,” म्हणाली होती.

मोठं चाक ओढायचं तर इंजिनाला जोर जास्त लागतो. म्हणून दोन्ही अ‍ॅक्सलमधले गिअर बदलावे लागतात, कमी दात्यांचं पिनियन घालावं लागतं. हे त्याला पाठ होतं. पण उस्तादाच्या हाताखाली त्याने हे काम नुसतं पाहिलं होतं. एकट्याने अ‍ॅक्सल उघडायला त्याचा हात धजेना. चालतंय की, असं म्हणत त्याने दिवस ढकलले. बहिणीजवळ ब्र काढला नाही.

मागच्या आठवड्यात एका बाळंतपणाला जाताना शेवटच्या चढावर जीप तीनदा बंद पडली, तीनदा मागे घसरली. क्लच जळाल्याचा वास सुटला तेव्हा बहिणीने गाडी तिथेच सोडली आणि बॅग घेऊन पायी पळत सुटली. बाई वाचली. बाळ नाही. बाळाची आजी एवढंच म्हणाली, “अर्धा तास आधी यायचं होतंस गं.”

दुसऱ्या दिवशी बहिणीने किल्ली आणून भावाच्या बाकड्यावर ठेवली.

“मला डोंगरात गाडी चालवता येत नाही, दादा. घाबरले मी. बदलीचा अर्ज लिहिलाय.”

तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं त्याने. बाहेर पडलं ते भलतंच.

“गाडी ठेवून जा. सर्व्हिसिंग करून देतो.”

पाचव्या खेपेला पेस्ट बरोबर मधोमध पुसली गेली. त्याने तीन वेळा पाहिलं. जीव भांड्यात पडायला हवा होता; पडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बहिणीला म्हणाला, “एकदा त्या चढावर नेऊन बघ. मग दे अर्ज.”

ती नको नको म्हणतच स्टिअरिंगवर बसली. तो शेजारी. चढ समोर आला तसा तिचा हात गिअरवर गेला.

“पहिला नको. दुसऱ्यातच राहू दे.”

जीप कुरकुर न करता चढत गेली. जिथे ती घसरली होती ते वळणही मागे पडलं. तो रस्ता सोडून बहिणीच्याच चेहऱ्याकडे पाहत होता. आता हसेल, असं त्याला वाटत होतं.

माथ्यावर तिने गाडी थांबवली.

“बघितलंस? तीच गाडी, तोच चढ. दुसऱ्या गिअरमध्ये.” तिने तळहात साडीला पुसले. “म्हणजे गाडीला काही झालंच नव्हतं. माझेच हातपाय गळाले. बरं झालं आणलंस, आता शंकाच राहिली नाही.”

चार दिवस खपून त्याने बहिणीविरुद्ध साक्षीदार उभा केला होता.

“तीच गाडी नाही ही,” तो म्हणाला.

मग सगळं सांगितलं. आधी गिअरचं, कारण ते सोपं होतं. मग टायरचं. मग त्या ‘चालतंय की’चं. ती समोरच्या काचेतून बाहेर पाहत राहिली.

“तुला कधीपासून माहीत होतं?”

“टायर घातले त्या दिवसापासून.”

तिने हँडब्रेक ओढला. तो आधीच ओढलेला होता. मग ती उतरली, पुढून वळसा घालून त्याच्या बाजूला आली आणि दार उघडून उभी राहिली.

“उतर. तू चालव.”

“घरी?”

“त्यांच्या घरी. आजी या वेळी ओट्यावरच बसलेली असते.” तिचा आवाज जराही चढला नाही. “मला सांगितलंस तेच तिला सांग. दाते-बिते नको. तिला कळेल असं सांग.”

तो चालकाच्या जागी जाऊन बसला. सीट बहिणीच्या मापाने पुढे ओढलेली होती. गुडघे स्टिअरिंगला टेकत होते. सीट मागे सरकवायची त्याची हिंमत झाली नाही. तसाच अवघडून त्याने गाडी सुरू केली.